पाणी तोडलेले दिवस

लाख वितळू लागते तेव्हा धुराच्या आधी वास येतो. करपलेल्या गुळासारखा, थोडा जुन्या गाभाऱ्यासारखा, आणि सगळ्यांच्या तळाशी ओल्या लाकडाचा. आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात, जिन्याखालच्या त्या अरुंद खोलीत, गजाननभाऊ मेणबत्तीच्या ज्योतीवर लाखेची कांडी धरतात. तांबडा थेंब लांबतो, डगमगतो आणि मांजरपाटाच्या शिवणीवर पडतो. तो निवायच्या आत पितळी शिक्का दाबावा लागतो. उशीर झाला तर लाख शिक्का घेत नाही. घाई झाली तर शिक्क्यालाच चिकटून येते. या दोहोंमधले दोन-तीन क्षण गजाननभाऊंना बरोबर कळतात. पंचवीस वर्षे ते हेच करीत आले आहेत. नागपूरच्या गांधीबागेतून आणलेल्या मांजरपाटात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवायचे आणि त्यांची तोंडे लाखेने बंद करायची.

नाव हिवाळी परीक्षा. पण ती सरकत सरकत जानेवारीत जाते. यंदाही गेली. परवा संध्याकाळी पहिला गठ्ठा बंद झाला, खोलीभर तो वास पसरला, आणि सही करता करता माझा हात थांबला.

"मॅडम, तारीख टाकाची राह्यली," गजाननभाऊ म्हणाले.

तारीख मी टाकली. वर्ष मात्र सहा वर्षांपूर्वीचे.

त्या वर्षीच्या थंडीत मी छत्तीस वर्षांची होते. सकाळी मराठीच्या वर्गावर कविता शिकवायची आणि दुपारनंतर परीक्षा प्रमुख व्हायचे, असा माझा दिवस दोन फाकांत चिरलेला होता. कवितेच्या तासाला शब्दाचे अनेक अर्थ सांगावेत आणि परीक्षेच्या खोलीत एका आकड्याला दुसरा अर्थ असू नये. प्रश्नपत्रिका ऐनवेळी संगणकावर उतरवायची, कुलूपबंद खोलीत तिच्या प्रती काढायच्या, वर्गावर्गांत पोचवायच्या. मग उत्तरपत्रिका मोजायच्या, बांधायच्या, पाठवायच्या.  प्रती काढणारे यंत्र तापले की मानेमागची एक शीर तापायची. घरी आल्यावरही हातांना गरम कागदाचा वास असायचा. जेवताना घास तोंडाशी नेला की आधी तो वास यायचा, मग वरणाचा.

आणि त्याच थंडीत, सदर भागातल्या एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शरीराचे दुसरे वेळापत्रक टांगलेले होते. पाळीच्या नवव्या दिवशी सोनोग्राफी, अकराव्या दिवशी सोनोग्राफी, तेराव्या दिवशी पुन्हा. पडद्यावर करड्या पावसासारखे काहीतरी दिसे आणि त्यात एक काळे, गोल, शांत बिंब. डॉक्टरबाई त्यावर मोजपट्टी ओढत आणि म्हणत, "बीज वाढतंय." वर्गात 'प्रतीक्षा' हा शब्द मी कितीदा समजावून सांगितला असेल, त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते हे मला तिथे कळले.

माझी पाळी तेव्हा आधीच बेताल झाली होती. परीक्षेच्या महिन्यांत ती पंधरा-पंधरा दिवस पुढे जायची, एकदा आलीच नाही. झोप तुटक असे. मी डॉक्टरबाईंना विचारले, "कामामुळे असेल का हे?"

 "ताणाचा परिणाम होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "पाळीची लय मेंदूकडून चालते. झोप गेली, जेवणाच्या वेळा गेल्या, मन सतत धास्तावलेलं राहिलं, तर ती लय चुकू शकते. बीज उशिरा फुटतं, कधी फुटत नाही. पण तुमच्या बाबतीत तेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. नाही, असंही म्हणणार नाही. वय आहे, इतरही गोष्टी आहेत. काम कमी करता आलं तर करा, नाही आलं तर स्वतःला मारत बसू नका."

अशा प्रामाणिक उत्तराने माणूस अधिकच उघड्यावर पडतो. स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांना उत्तर ठाऊक होते. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, होऊन जाते," असे मला इतिहासाच्या, वाणिज्याच्या, अगदी ग्रंथालयाच्या बाईंनीही सांगितले. कोणी योगासनांचा वर्ग सुचवला, कोणी वहिनीच्या बहिणीची गोष्ट सांगितली, जिने नोकरी सोडली आणि तीन महिन्यांत जिला दिवस राहिले. माझ्या नवऱ्याचीही तपासणी झाली होती आणि तोही कारखान्यात पाळ्यांची नोकरी करीत होता. पण प्रशांतला कोणी सांगितले नाही, की बाबा रे, टेन्शन घेऊ नकोस. ताण न घेणे हेही माझेच काम होते. आधीच्या कामांच्या यादीत ते आणखी एक.

प्रशांतचे घर काटोलकडच्या एका गावात आहे. तिथे त्याची आई, आमच्या माई, संत्र्यांची तीनशे झाडे सांभाळतात. धाकटा दीर शेतीचे बाहेरचे बघतो, त्याची बायको मीना घरातले आणि बागेतलेही. पण झाडांचा शब्द माईंचा. डिसेंबर उजाडला की माई बागेचे पाणी तोडतात. थेंबभरही द्यायचे नाही. हलकी, मुरमाड जमीन तडकते, पाने मान टाकतात, त्यांचा हिरवा रंग मळकट होतो, काही पिवळी होऊन गळतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी ते पाहिले तेव्हा विहिरीत पाणी आणि झाडे तहानलेली, हा प्रकार मला क्रूर वाटला होता.

"माई, झाडं मरतील."

"मरत नाहीत वं. झाडाले थोडा ताण बसला पाह्यजे, त फुलते ते. नुसतं पाणी पाजत राह्यलं त पानंच फुटतात, फूल नाही धरत." मग एक पान चुरगळून त्यांनी नाकाशी नेले. "पण दिवस पाहा लागते. चार दिवस जास्त झाले, त मंग झाडच रुसते."

तो दिवस कोणता, हे माई कसे ठरवतात ते मला कधीच नीट कळले नाही. पहाटे झाडाखाली उभ्या राहतात, पानाची कड बोटांत धरतात, मातीचे ढेकूळ फोडतात. मग एके सकाळी म्हणतात, "आज." त्या दिवशी पाणी सोडायचे. विहिरीशी नारळ फुटतो, गुळाचा खडा वाटला जातो, आणि त्या घरची रीत अशी की पहिले पाणी लेकुरवाळीच्या हाताने सुटते. पूर्वी ती फावड्याने चारीचा बांध फोडायची. आता ठिबक आले आहे. विहिरीजवळ निळ्या मुठीचा वॉल, म्हणजे पाण्याची झडप, आहे, तो ती फिरवते. आधी माई फिरवीत, मग मीना आली आणि तिला मुले झाल्यावर मीना. मी नारळाचे पाणी प्यायले, गूळ खाल्ला, बाजूला उभी राहिले. कोणी मला बाजूला हो म्हटले नव्हते. जागा आपोआप कळतात.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बाग फुलते. त्या वासाविषयी मी आजवर लिहिलेले प्रत्येक वाक्य खोडले आहे. तो फुलाजवळ गेले की येत नाही. पाठ फिरवली की येतो.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात आमचा तिसरा प्रयत्न होता. बीज पुरेसे वाढले होते. ते फुटावे म्हणून एक इंजेक्शन संध्याकाळी सात वाजता घ्यायचे होते आणि त्यावर परवाच्या प्रक्रियेची वेळ ठरणार होती. इंजेक्शन थंड ठेवायचे. मी ते सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये, बाटल्यांच्या मागे, कागदी पिशवीत ठेवले. पेपर साडेपाचला संपणार, सहाला गठ्ठे बंद, साडेसहाला सदर. हिशेब सोपा होता.

पावणेसहाला उत्तरपत्रिका मोजल्या. हजेरीपत्रकावर दोनशे बारा सह्या, हातात दोनशे अकरा.

एक उत्तरपत्रिका कमी असताना परीक्षा विभागाच्या खोलीतून कोणीही बाहेर जात नाही. हा नियम कुठल्या परिपत्रकात असेल-नसेल, आमच्या अंगात मात्र तो मुरलेला आहे. एका मुलाचे वर्ष त्या बारा पानांत असते. आम्ही पुन्हा मोजल्या. वर्गवार लावल्या. बाकांखाली पाहिले, पर्यवेक्षकांना परत बोलावले. साडेसहा झाले. सात वाजले. माझ्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतला तो फ्रीज होता, दार बंद, आत अंधार, बाटल्यांमागे ती कागदी पिशवी. मी गजाननभाऊंना म्हणू शकले असते, की मला जायचे आहे. उपप्रमुखांना किल्ल्या देता आल्या असत्या. कारण सांगावे लागले असते, एवढेच. ते दोन शब्द माझ्याकडून तिथे उच्चारले गेले नाहीत. मी तिसऱ्यांदा मोजायला बसले.

आठ वाजता गजाननभाऊंनी एक जाड उत्तरपत्रिका उलगडली. तिच्या आत, पुरवणीच्या दोऱ्याने चुकून बांधली गेलेली, दुसरी होती.

"हे पाहा," ते म्हणाले. "हिच्या पोटात बसली होती. आन् आपण गावभर ढुंढून राह्यलो."

सगळे हसले. मीही हसले. लाख वितळली, शिक्का पडला, आणि त्या वासात मी जिना चढून प्रयोगशाळेकडे पळत गेले. सदरला पोचून इंजेक्शन टोचून घेतले तेव्हा आठ चाळीस झाले होते. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "दीड-दोन तासांनी बिघडत नाही. आपण परवाची वेळ तेवढी पुढे नेऊ." त्यांनी ती नेली. मी मात्र ते दीड-दोन तास माझ्याजवळच ठेवून घेतले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली, चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. फिकट, इतकी फिकट, की पट्टी तिरपी धरली तरच दिसावी. मी ती खिडकीपाशी नेली. प्रशांतने चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली.  त्याने माझ्या ओल्या हातांवर आपला टॉवेल टाकला.

मी माईंना फोन केला. सांगितले.

 पलीकडून दबलेल्या आवाजात, "आज कर हाये वं. करीच्या दिवशी अशी गोष्ट सांगतेत का? म्या काही ऐकलं नाही समज. उद्या सांगजो."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला आणि जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगितले. माईंनीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकले. "अवं माय," त्या म्हणाल्या, आणि मग लगेच, कामाचे बोलल्यासारखे, "पाण्याचा दिवस आलाच हाये. झाडं तयार हायेत. रविवारी येजो. यंदा पाणी तुया हातानं सोडू."

त्या एका वाक्यासाठी मी आजही रात्रीअपरात्री नव्हे, तर भर दिवसा, वर्गात फळा पुसताना, भाजी निवडताना थांबते. त्या घरात माझी जागा दोन हात पुढे सरकली होती. विहिरीजवळ, निळ्या मुठीपाशी.

त्या दिवसांत मी जगाला जरा जास्तच स्पर्श करीत होते. जिन्याच्या कठड्याला, खडूच्या खोक्याला, बाजारातल्या संत्र्यांच्या ढिगातल्या वरच्या संत्र्याला. सकाळच्या धुक्यात सिव्हिल लाइन्समधली झाडे ओली दिसत आणि मला वाटे, हे सगळे कोणाला तरी दाखवायचे आहे. पोटात काही जाणवत नव्हते. जाणवण्याजोगे काही नव्हतेच. तरी चालताना मी रस्त्याची आतली बाजू धरत असे.

पण उत्तरपत्रिकांची तपासणी सुरू झाली होती. निकालाची तारीख वरून आली होती, गुण संगणकावर चढवायचे होते, आणि ती यंत्रणा दिवसा झोपायची. रविवारी मला बोलावून घेतले. मी माईंना कळवले, गुरुवारी येते. प्राचार्यांकडे रजा मागितली. ते वाईट माणूस नव्हते. "मॅडम, परीक्षा प्रमुखच सुट्टीवर गेली तर मी कोणाकडं पाहू?" त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नात एक प्रकारचा विश्वास होता, ज्याचा मला अभिमानही वाटला. हे मला मान्य केले पाहिजे. मला ते काम आवडत असे. दोनशे बारा म्हणजे दोनशे बारा, ही जगातली एक तरी खात्री माझ्या हातात असे.

बुधवारी दुपारी, गठ्ठ्यांच्या मधोमध उभी असताना, मला कळले. कसे कळते ते बायकांना सांगावे लागत नाही. मी स्वच्छतागृहात गेले, रक्त पाहिले, परत आले, राहिलेल्या गठ्ठ्यांवर सह्या केल्या. त्या दिवशीच्या सह्या मी नंतर पाहिल्या. त्या अगदी सरळ आहेत.

आठ दिवस. फिकट रेघेचे आठ दिवस. डॉक्टरबाईंनी सांगितले की असे पुष्कळदा होते, इतके सुरुवातीला की अनेकींना कळतही नाही. कळले नसते तर बरे झाले असते का? मला नाही वाटत.

त्यानंतर मी माईंचा फोन उचलला नाही. प्रशांतला वाटले मी सांगितले असेल. मला वाटले त्याने. आम्ही दोघे त्या आठवड्यात एकमेकांशी फक्त दूध, गॅस आणि कुलपाविषयी बोलत होतो. शेवटी त्यानेच सांगितले. माई मला काही म्हणाल्या नाहीत. उन्हाळ्यात भेटलो तेव्हा बागेविषयी विचारले, तर एवढेच म्हणाल्या, "यंदा बहार नाही फुटला. होते एखाद्या साली."

पुढच्या वर्षी आम्ही आणखी एकदा प्रयत्न केला, मग थांबलो. थांबण्याचा असा काही दिवस नव्हता. सदरच्या त्या जिन्यापुढून जाताना पाय वळेनासे झाले, एवढेच.

मी कवितेची विद्यार्थिनी. स्त्रीला भूमी म्हणणाऱ्या, वेल म्हणणाऱ्या, फळलेली आणि न फळलेली म्हणणाऱ्या ओळी मी आयुष्यभर शिकवत आले आणि एका टप्प्यानंतर मला त्यांचा उबग आला. मी जमीन नाही, झाड नाही. झाडाला सही करावी लागत नाही, झाडाला रजेचा अर्ज लिहावा लागत नाही. तरीही दर डिसेंबरात, माईंनी पाणी तोडले असे प्रशांत फोनवर ऐकून सांगतो तेव्हा माझ्या जिभेला कोरड पडते. पाण्याच्या दिवशी मी गेली सहा वर्षे गावी गेले नाही. परीक्षा असते. नागपुरात परीक्षेइतके प्रतिष्ठित निमित्त दुसरे नाही. त्यापुढे लग्ने पुढे ढकलली जातात.

आणि एक प्रश्न. तो विचारायला कोणी नसते म्हणून तो स्वतःलाच विचारते. त्या संध्याकाळी मी किल्ल्या ठेवून निघाले असते तर? त्या रविवारी फोन बंद ठेवला असता तर? माझ्याच हाताने गेले का?

यंदा, गठ्ठ्यावर चुकीचे वर्ष टाकले त्याच संध्याकाळी, माईंचा फोन आला. "रविवारी पाणी सोडून राह्यलो. येजो." विनंती नव्हती, आग्रह नव्हता. "रविवारी, माई? परीक्षेचं..." मी सवयीने सुरू केले, आणि गजाननभाऊ लाख पुसता पुसता, न विचारता, म्हणाले, "जा मॅडम. रविवारचं मी पाह्यतो. पंचवीस सालात एकही पेपर हरपला नाही माया हातून. पोटातला बी काढला म्या."

आम्ही पहाटे निघालो. काटोल नाक्यापुढे धुके जमिनीला चिकटून होते. बागेत पोचलो तेव्हा मीना अंगणातल्या चुलीवर चहा करत होती. तिची दोन्ही पोरे विहिरीच्या कठड्यापाशी नारळावरून भांडत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले. तिने कप माझ्या हातात दिला आणि विस्तवाकडे पाहत म्हणाली, "ताई, तुम्ही आल्या ते बरं झालं. माई त पाह्यटपासून रस्त्याकडं पाहून राहिल्या. त्या साली बी अशाच पाहत होत्या."

"कोणत्या साली?"

तिने विस्तव सारखा केला. "तुम्हाले मालूम नाही? नऊ दिवस पाणी थांबवलं होतं न त्याईनं. तुमची वाट पाहत. हे म्हणत, माई, झाडं जाऊन राहिली, मीना सोडते पाणी. त माई म्हणे, नाही, येईन ते. काम असन तिले. नऊ दिवस. मंग प्रशांतभाऊजीचा फोन आला." ती थांबली. "फुलंच नाही धरली त्या साली. त्या कोपऱ्यावरची दहा-बारा झाडं त वाळलीच."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. चुलीतल्या तुराट्यांचा धूर डोळ्यांत गेला होता. तो धूरच होता असे मी मीनाला भासू दिले आणि तिनेही भासू दिले.

माई कोपऱ्यावर होत्या. तिथे नव्याने लावलेली कलमे आता कमरेइतकी झाली आहेत; त्यांच्यामध्ये एकच जुने झाड शिल्लक आहे, अर्ध्या बाजूने वाळलेले, अर्ध्या बाजूने हिरवे. माई त्याच्या पानाची कड बोटांत धरून उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावरून पदर, पायांत प्रशांतचे जुने बूट.

"माई," मी म्हटले, "नऊ दिवस कशाला थांबलात?"

त्यांनी मीनाच्या दिशेने पाहिले. "सांगलं वाटते तिनं. तोंडात तीळ भिजत नाही तिच्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुले कायले सांगाचं? तुयाजवळ का कमी होतं?" त्यांनी पान सोडले. "झाडं माह्या हातची होती. दिवस मलेच दिसत होता. म्या ताणलं."

आम्ही दोघी त्या झाडाकडे पाहत राहिलो. मला वाटले होते की हा प्रश्न मी कधीच कोणाला विचारणार नाही. पण ज्या बाईने माझ्यासाठी तीनशे झाडे तहानलेली ठेवली तिच्यापुढे तो लपवणे मला जमले नाही.

"माई, माझं... माझ्याच हातानं गेलं का? ते काम, ती धावपळ?"

 दूर पोरांचे भांडण मिटल्याचा आवाज आला.

"आता हे झाड पाह्य," त्या म्हणाल्या. "बाजूचे बारा गेले, हे राह्यलं. सगळ्याईले सारखेच नऊ दिवस होते. काहून राह्यलं, मले नाही सांगता येत. बाकीचे माह्या नऊ दिवसानं गेले का मुळालेच काही होतं, तेही नाही सांगता येत. सहा साल झाले, रोज पाह्यतो मी त्याच्याकडं." त्यांनी वाळक्या फांदीवरून हात फिरवला. "झाड का बोलते? ते नाही सांगत, आन् आपण उगाच आपलंच नाव घेत राह्यतो."

सदरच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकलेलेच उत्तर होते ते. असेल असेही नाही, नसेल असेही नाही. तिथे ते ऐकून मी एकटी जिना उतरले होते. इथे माझ्याशेजारी, तेच उत्तर सहा वर्षे अंगावर वागवणारी दुसरी बाई उभी होती, बुटांवर मुरमाची धूळ घेऊन.

त्या दिवसांची हुरहूर त्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही. ती फिकट रेघ मला अजून हवी आहे. आता सहावे वर्ष लागले असते, आणि नारळाच्या त्या भांडणात तिसरा आवाज असता. हे वाक्य मी आजवर कोणापुढे पूर्ण केले नव्हते. ते मनात पूर्ण होत असतानाच माई विहिरीकडे चालू लागल्या होत्या आणि मी त्यांच्या मागून.

विहिरीशी सगळे जमले. दिराने पंप सुरू केला. नळीत पाणी येऊन अडल्याची घरघर पायांखाली कळत होती. नारळ फुटला. मीनाच्या धाकट्याने गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि स्वतःच त्यातला कोपरा तोडून घेतला. सवयीने मी बाजूला सरकले, लिंबाच्या खोडापाशी, माझ्या जागेवर. सवयीने मीनाने पदर खोचला आणि वॉलकडे पाऊल टाकले. मग थबकली आणि माईंकडे पाहिले. माई माझ्याकडे पाहत होत्या. सूर्य धुक्यातून नुकताच सुटला होता आणि तीनशे झाडे मान टाकून उभी होती.

मीच विचारले, "पाणी कोण सोडणार, माई?"

माईंनी माझे मनगट धरले, माझा हात त्या गार, निळ्या मुठीवर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या,

"तूच."